उलटी टांगलेली कोरफड

आमच्या दारात एक कोरफड उलटी लटकते आहे, आणि ती वाढते आहे.

आई गेली तेव्हा ती कुंडीत होती आणि मान टाकत होती. आईच्या हातचं जिवंत असं घरात तेवढंच उरलेलं, म्हणून मी रोज तांब्याभर पाणी घालत राहिलो. पानं पिवळी, लिबलिबीत झाली. "अहो, प्रेमानं बुडवून माराल तिला," बायको म्हणाली. उपटून पाहिलं तर मुळं कुजलेली. ती कापली आणि दृष्ट लागू नये म्हणून आई टांगायची, तशी कोरफड दाराच्या चौकटीला उलटी टांगली. माती नाही, पाणी नाही, मुख्य म्हणजे माझी देखरेख नाही.

आता ती टवटवीत आहे. आपण ज्याला जगवतो म्हणतो, ते बहुधा दुसऱ्याच कुणाच्या आधारानं जगत असावं. उजेड बाहेरून, जिन्याच्या खिडकीतून येतो. पण हिची टोकं वळली आहेत आत, आईच्या रिकाम्या खुर्चीकडे. मी तिला फिरवून टांगलं. काही दिवसांत ती पुन्हा आत वळली.

"ही आत काय बघत असेल गं?"

"तुमच्या हातात तांब्या आहे का, ते."

दोघंही हसलो. त्या खुर्चीत मात्र अजून कोणी बसत नाही.