दोन बलून आणि चार डोळ्यांचा बाप्पा

पेणजवळच्या जोह्यात माझ्या मावशीच्या मूर्तींच्या कारखान्यात गणपतीला रंग कोणीही द्यावा, पण डोळ्यांची आखणी मात्र तिचीच. यंदा ऐन हंगामात ती ओट्यावरून घसरली, पाय प्लास्टरमध्ये गेला आणि आखणीचा ब्रश पहिल्यांदाच सुनेच्या हाती आला. कारखाना भातखाचरांच्या पलीकडे आणि मावशी घरात खाटेवर. जिवाची नुसती घालमेल. मोबाईलवर मूर्ती दाखवली तर म्हणे, "टिकलीएवढा बाप्पा. ह्यात डोळे काय दिसनार?"

माझा पेणला कॅमेरे बसवायचा धंदा. घरच्या कामाला उरलंसुरलं सामान वापरायचं, हा आमच्या धंद्यातला अलिखित नियम. जुन्या केबलला मध्येच जोड मारून मी कारखान्यातला कॅमेरा मावशीच्या टीव्हीला जोडला आणि ऐटीत चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी सुनेचा फोन. आवाज रडवेला. "भावोजी, तो कॅमेरा काढून न्या, नायतर मी ब्रश कायमचा खाली ठेवते."

धावत गेलो. मावशी टीव्हीसमोर कडाडत होती, "चार डोळ्यांचा बाप्पा काढलाय हिनं! पूस म्हनलं तर पुसते, परत तेच!" पडद्यावर खरंच प्रत्येक डोळ्याशेजारी त्याची सावली होती. त्यात रंग मारायचा कंप्रेसर सुरू झाला की आडवे पट्टे धावायचे. कारखान्यात जाऊन पाहिलं, तर आखणी देखणी होती. वाकडी होती ती माझी केबल. जोडापाशी सिग्नल मागे परतत होता, त्याचीच ती सावली.

रोह्याच्या एका कंपनीतल्या कामातून उरलेली डब्यांची जोडी गाडीत होती. म्हटलं, "मावशी, दोन बलून लावतो."

"फुगं? अरे, पाय मोडलाय माझा, डोकं नाय!"

हसू आवरून तिला समजावलं. या डब्यांना आम्ही बलूनच म्हणतो. एक कॅमेऱ्याकडे, एक टीव्हीकडे. मध्ये एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा. एकीतून चित्र सुलटं जातं, दुसरीतून उलटं. वाटेत कंप्रेसरचा गोंगाट दोघींना सारखाच चिकटतो. टीव्हीकडची डबी दोघींमधला फरक तेवढा घेते, मग गोंगाट आपोआप गळतो.

"म्हंजे भांडन वजा, चित्र शिल्लक," मावशी म्हणाली. मला हे असं कधी सुचलं नसतं.

खाचराच्या बांधावरून बिनजोडाची नवी केबल टाकली. टीव्ही लावला. मावशी बराच वेळ एकेक मूर्ती पाहत राहिली. फोन स्पीकरवर होता, पलीकडे कारखान्यात सून.

"गो, आता तू कॅमेऱ्यापुढं ये."

सून आली, पदर तोंडाला लावून.

"बाप्पाचे डोळे झ्याक हायत," मावशी म्हणाली. "तुझेच तेवढे लाल दिसतात. ते मी बिघडवले गो."

सून रडता रडता हसली. मागे कंप्रेसर धडधडत होता आणि पडद्यावर एकही रेघ नव्हती.