एकाच मापाची काडतुसं

हिंगण्याला माझं नट-बोल्टचं दुकान आहे, शून्यातून उभं केलेलं. घासाघीस केल्याशिवाय मी काही घेत नाही आणि राग आला की आधी बोलतो, मग विचार करतो. डॉक्टर म्हणाले, शांत राहायला शिका, म्हणून रायफल क्लबात गेलो. पालथं पडायचं, श्वास रोखायचा, पन्नास मीटरवरच्या कागदावर नेम धरायचा. वेडच लागलं.

गेल्या वर्षी क्लबाच्या सचिवांनी मला चौघांच्या संघातून वगळलं. "तुमच्या गोळ्या इतवारीच्या बाजारासारख्या पसरतात," असं सगळ्यांसमोर म्हणाले. मी भांडलो आणि विखुरलेल्या भोकांचा माझा तो कागद घडी करून दुकानाच्या गल्ल्यात ठेवला. रोज दिसायचा.

यंदाच्या निवडीला आठवडा उरला, तरी तेच. एक गोळी मधोमध, दुसरी दोन बोटं वर. मी रायफलीला शिव्या घालत होतो. शेजारच्या चटईवर क्लबातले सर्वांत वयस्कर काका होते. शिकारबंदीच्या आधी, तरुणपणी त्यांनी जंगलात बंदूक चालवलेली. आता फक्त कागदावर. त्यांनी माझा बिस्किटांचा डबा ओढला.

"काडतुसं अशी मोकळी काहून ठेवली गा?"

"क्लबाच्या स्टोअरमधले उरलेले अर्धे-अर्धे बॉक्स घासाघीस करून उचलले, एकात ओतले. माप तर एकच आहे."

"लॉट वेगवेगळे असन ना? एकाच खेपेत बनलेल्या मालाचा एक लॉट असते."

"दहाचा बोल्ट तो दहाचाच असते, काका."

काका हसून हसून चटईवर आडवे झाले. मग डोळे पुसत म्हणाले, "अरे, काडतुसातली दारू थोडी मागंपुढं झाली, शिसं केसभर बदललं, की गोळी दुसरीकडे जाते. तुह्या नळीले कोणता लॉट मानवते ते नळीलेच विचार. आम्ही जंगलात शिरायच्या आधी झाडाले कागद लावून हेच करत होतो. जनावराची पाळी नंतर."

दुसऱ्या दिवशी तीन लॉटचे तीन बंद बॉक्स घेतले. प्रत्येकाच्या पाच गोळ्या, वेगळ्या कागदावर. पहिला लॉट विखुरला. दुसरा बरा. तिसऱ्यानं कागदाला चिंचोक्याएवढं एकच भोक पाडलं. मी ओरडलो.

"ओरडू नको, भाव वाढन," काका म्हणाले.

खरंच होतं, कारण त्या लॉटचे बाकीचे बॉक्स सचिवांनी स्वतःसाठी काढून ठेवले होते. पण महिनाभर त्यांचाही नेम बिघडलेला मी पाहत होतो. मी आनंद लपवून, तोंड पाडून त्यांच्याकडे गेलो.

"साहेब, तुमच्या गोळ्या डावीकडे जाऊन राहिल्या. हा लॉट चालवून पाहा."

दुसऱ्या लॉटच्या पाच गोळ्या त्यांनी मारल्या. पाचही एका नाण्याखाली मावतील इतक्या जवळ. सचिव खुलले. "माझ्या बॉक्सांशी अदलाबदल करता?" त्यांनीच विचारलं.

"पाहतो," मी म्हणालो. आयुष्यात एवढं कठीण 'पाहतो' दुसरं नाही. संध्याकाळी अदलाबदल झाली.

निवडीत मी तिसरा आलो, सचिव चौथे. यादी त्यांनाच वाचावी लागली. चहाच्या वेळी मी जुना कागद त्यांच्यासमोर उलगडला. त्यांनी माझा निवडीतला नवीन कागद त्याच्या शेजारी ठेवला.

"बाजार उठला म्हणायचा," ते म्हणाले. काका चहा सांडेपर्यंत हसले. मीही.

जुना कागद मात्र मी परत मागून घेतला.