दुसऱ्या बेसवरचा आयता गडी

लोरेटा फ्लूगरने एकोणतीस उन्हाळे सेंट ओडिलिया गावाच्या बेसबॉल संघाची गुणवही लिहिली, आणि एकदाही तिचा ताळा चुकला नाही. ताळा साधाच. बॅटिंगला जितके गडी आले, तितके शेवटी सापडले पाहिजेत: कुणी बाद, कुणी धाव काढून परत, कुणी बेसवर अडकलेला. एक जरी इकडेतिकडे झाला तर बाईला घास उतरत नसे. वहीपाशी बसलेल्याने टाळी वाजवायची नाही, मत द्यायचं नाही, अशी या कामाची शिस्त. तिने ती इतकी पाळली, की घरातही तिला कुणी मत विचारेनासं झालं.

आणि जानेवारीतल्या त्या रविवारी नेमकं तिलाच मत द्यायला बसवलं. संघाचा मॅनेजर तापाने पडला होता, म्हणून गावाचं मत तिच्या हाती आलं. प्रार्थना आटोपून, चर्चच्या तळघरात बटाटे घालून भट्टीत भाजलेल्या हॉटडिशवर ताव मारून मंडळी लीगच्या बैठकीला बसली. नऊ गावं, नऊ मतं. प्रस्ताव असा, की नऊ डावांत बरोबरी झाली तर दहाव्यापासून प्रत्येक डावात एक गडी आधीच दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावेच्या अर्ध्या वाटेवर, उभा करायचा. म्हणजे सामना लवकर संपेल आणि माणसं वेळेत घरी जातील.

"पण तो तिथे गेला कसा?" लोरेटाने विचारलं.

"गेला नाही, ठेवला," अध्यक्ष नॉर्बर्ट स्टँग म्हणाले.

"कुणी?"

"नियमाने."

"अहो, पण तो बॅटिंगला आलाच नाही! माझ्या वहीत एक माणूस जास्त होणार. त्याला कुठे घालू?"

"तुमच्याच घरी जेवायला घाला," कुणीतरी म्हणालं, आणि तळघर हसलं.

"आयत्या बिळावर नागोबा!" मागून एलरॉय कडाडला. "घाम न गाळता दुसऱ्या बेसवर? असली धाव मला फुकट दिली तरी नको."

एलरॉय लोरेटाचा धाकटा भाऊ. वय चव्वेचाळीस, संघाचा कॅचर, गोठ्यात साठ गायी, पहाटे साडेचारला दूध काढायचं. त्याला मत नव्हतं, तोंड मात्र होतं. गेल्या जुलैत सोळा डावांचा सामना खेळून मध्यरात्री पेंगत परतताना त्याची गाडी रस्त्याकडेच्या खड्ड्यात गेली आणि खांद्याचं हाड मोडलं. आज सकाळीच त्याच्या बायकोने, जोलीनने, लोरेटाचं मनगट घट्ट धरलं होतं. "मत त्या नियमालाच द्या. पुढच्या वेळी खांद्यावर भागणार नाही."

लोरेटाने मनातच ताळा मांडून पाहिला. ज्याच्या जिवासाठी नियम, तोच त्याच्याविरुद्ध बोंबलतोय. वही म्हणते नको, भावजय म्हणते हवा. आणि खरं सांगायचं तर त्या सोळाव्या डावात, आणखी एक डाव व्हावा, असं तिलाही वाटलं होतं. ते आठवून तिला स्वतःचीच लाज वाटली.

हात वर झाले. सवयीने तिने पेन्सिलीने मोजले. "चार-चार," तिने जाहीर केलं.

"आणि तुमचा?"

"मी लिहितेय."

"बाई, नववा हात तुमचाच आहे!"

तिने हात वर केला. कशासाठी, ते अध्यक्षांना विचारावं लागलं. मग म्हणाली, "बाजूने."

"अगं, तू?" एलरॉय उठून उभा राहिला. "तुला तरी पटलाय का तो नियम?"

"मला तर तो अजून कळलेलाच नाही."

"मग मत कशाला दिलंस?"

याचं उत्तर चारचौघांत देण्यासारखं नव्हतं. एलरॉय दार आपटून बाहेर गेला. पण दोघं एकाच गाडीतून आली होती, त्यामुळे तो इंजिन सुरू करून, हीटर लावून, फुरंगटून तिची वाट पाहत बसला होता.

दोन मैल मागे पडले. दुपारचं लख्ख ऊन बर्फावर पडलं होतं, रस्ता मोकळा होता.

"माझ्या तोंडाकडे काय बघतेस मघापासून?" एलरॉय खेकसला.

"पापण्या," लोरेटा म्हणाली. "मिटत नाहीत ना, ते बघतेय. तू चालव."