ताईच्या कपाळावरच्या आठ्या

ताई गेली तेव्हा तिच्या कपाळावर आठ्या होत्या.
मला बरं वाटलं.

आज वर्ष झालं. खोटं कशाला लिहू?

प्रमिलाताई माझी सख्खी मोठी बहीण. चार वर्षांनी मोठी. हे मुद्दाम लिहिते, कारण शेवटची काही वर्षं आमच्या कारंजा गावात कोणीच हे मानायला तयार नव्हतं.

कारण बोटॉक्स.

ताई दर चार-सहा महिन्यांनी अमरावतीला जायची. घरी सांगायची, दात दाखवायला चालले. तिकडे एक स्किनची डॉक्टर तिच्या कपाळात सुया टोचायची. परत आली की कपाळ कसं? नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखं.

बाबांनी दोघींना कॉन्व्हेंटमध्ये घातलं होतं. तिथल्या सिस्टर आरशासमोर उभं राहू द्यायच्या नाहीत, व्हॅनिटी म्हणजे पाप. मी ते सत्तरी ओलांडली तरी पाळलं. बँकेत नोकरी केली, तोंडाला पावडरसुद्धा लावली नाही.

फळ काय मिळालं ते सांगते.

एकदा दोघी एसटीने निघालो. कंडक्टर ताईला म्हणाला, "पंच्याहत्तर? तुमचे? आधार दाखवा बाई."
मग माझ्याकडे वळला. "राहू द्या आजी, तुमचं कार्ड काय पाह्यचं. दिसूनच राह्यलं."

माझे पंच्याहत्तर व्हायचे होते हो!
मी भांडून अर्धं तिकीट काढलं. फुकट प्रवास नाकारण्यासाठी भांडलेली त्या बसमधली मी पहिलीच असेन.

ताई खिडकीकडे तोंड करून हसत होती. गाल हलत होते, कपाळ नाही.

मग कामरगावला भाच्याचा मंगल परिणय. आमच्या घरात रीत आहे, तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढची पहिली मेणबत्ती घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईने लावायची. आई गेल्यापासून तो मान ताईचा. मी मागे उभी राहून फुलं द्यायची. मला ते आवडायचं. म्हातारपणीसुद्धा कोणाची तरी धाकटी असणं ही छोटी गोष्ट नाही.

माइकवर पुकारा झाला, "वराच्या मोठ्या आत्यांनी पुढं यावं."
मांडवातला एक माणूस आला आणि त्याने माझा दंड धरला.
"या आजी. सांभाळून वो, पायरी हाये."
"मोठी ते हाये," मी म्हटलं.
त्याने ताईकडे पाहिलं. "मजाक कायले करता आजी?"

आणि ताई? सगळ्या मांडवासमोर म्हणाली, "जाय न मंदे. लाव. आता तूच मोठी."

मी लावली. रागाने तीन काड्या मोडल्या. लोकांना वाटलं, वयाने.

घरी आल्यावर मी तिला सोडलं नाही.

आमची आई धनजची. लोकांच्या वावरात तण निंदायला जायची. उन्हात डोळे बारीक करून करून तिच्या कपाळावर आडव्या आठ्या पडल्या होत्या, आणि भुवयांच्या मध्ये एक उभी. तेच कपाळ ताईने घेतलं. माझ्या वाट्याला बाबांचं सपाट कपाळ आणि लोंबते गाल. आरशात मला आई कधीच दिसली नाही. हिला रोज दिसायची, आणि ही ती पुसून यायची.

"ताई, ते आईचं कपाळ हाये," मी म्हटलं.
"मंग? आईले आवडत होत्या का त्या आठ्या? इचारलं तू कधी? तिनं हौसेनं पाडल्या होत्या का?"

मी उठून चहा टाकायला गेले. इतक्या इंग्रजी शाळेचा काय उपयोग?

पुढे ताईच्या पोटात गाठ निघाली. अमरावतीच्या फेऱ्या सुरूच राहिल्या, पण दुसऱ्या डॉक्टरकडे. सुया तिथेही होत्या. कपाळातल्या मात्र थांबल्या.

एका दुपारी मी तिला चहा नेऊन दिला. घोट घेतला आणि माझ्यावर उखडली, "गार पाणी हाये हे!"

पलंगावर आई बसली होती.
आडव्या आठ्या, मधली उभी. सगळं जागच्या जागी.

"अशी काय पाहून राह्यली? आल्या काय?"
"आल्या."
"आरसा दे."
एक एक आठी बोटाने चाचपली. "मायच झाली वो मी." मग माझ्याकडे पाहून, "अन् तुले कायची खुशी होऊन राह्यली?"
"मी आता धाकटी दिसतो."
पोट धरून हसली. हसताना दुखत होतं, तरी हसली. "धाकटीच हायेस तू. मी हाये तोवर."

मोबाइल हातात होता. मी फोटो काढला. ती ओरडली, "खबरदार कोणाले दाखवशील तं!"

आज सकाळी घरी वंदना झाली. हार घातलेला फोटो कामरगावच्या लग्नातला, गुळगुळीत. येणारे-जाणारे म्हणत होते, काय तेज होतं बाईंच्या चेहऱ्यावर! मेल्यावरसुद्धा कॉम्प्लिमेंट हिलाच.

ताईची सून मेणबत्ती घेऊन आली. मांडवातला तो माणूस नव्हता, माइक नव्हता, कोणी दंड धरला नाही.
"मावशी, तुम्ही लावा. आता तुम्हीच मोठ्या."

या वेळी कोणाची चूक नव्हती.
मी मागे वळून पाहिलं, फुलं द्यायला कोण आहे म्हणून.

ताई, मी अजून जळते. आई यायची होती तर तुझ्याच तोंडावर आली. नको म्हणणाऱ्या तुझ्याकडे. मी इकडे आयुष्यभर वाट पाहत होते.

म्हणून तो दुपारचा फोटो इथे टाकते आहे. तुझं 'खबरदार' मोडून. खाली येऊन भांड, नाहीतर वर बोलाव.

कमेंटमध्ये कोणी नुसतं आरआयपी लिहू नका. ताईला अर्धवट लिहिलेलं चालायचं नाही.

फोटो नीट पाहा सगळ्यांनी. कंडक्टरलाही दाखवा.
ह्यात ती मोठी दिसते.

जय भीम, ताई.
तुझी धाकटी, मंदा