औराद दोन आहेत

हैदराबादच्या बेगमपेठ विमानतळावरून माझ्या बहिणीच्या औरादला मोटारीनं साडेपाच तास लागतात. आम्हाला आठ लागले. वरचे अडीच तास टॅक्सीवाल्या महेबूबभाईंच्या चुकीनं गेले, असं आमच्या घरात तीस वर्षं सांगितलं जातं. सांगणारा मीच. ते खोटं आहे.

खासगी कंपन्यांची विमानं तेव्हा नुकतीच उडू लागली होती. माझा धाकटा भाऊ वसंता मुंबईहून पहिल्यांदाच विमानानं आला. पण कारणच असं होतं, की कौतुक करायची सोय नव्हती. बहिणीचा, शालूचा, फोन आला होता. "आईचं आता काही खरं नाही, दादा. सारखं वसंताचं नाव घेतेय. दुपारपर्यंत या."

आई शालूकडे का, तेही सांगून टाकतो. बरकतपुऱ्यातल्या माझ्या घराला रंग द्यायचा होता, म्हणून मी तिला दोन महिन्यांसाठी शालूबरोबर औरादला पाठवलं. रंग दिला. वाळला. चार वर्षांत त्याचे पोपडेही पडले. आई तिकडेच.

वसंता विमानतळाबाहेर आला तो हातात पुठ्ठ्याचा डबा धरून. विमानातला नाश्ता त्यानं खाल्लाच नव्हता. "आईला दाखवतो. जॅमची एवढीशी डबी बघून हसेल ती." टॅक्सीत तो डबा मांडीवर घेऊन बसला, जणू आत काठोकाठ दूध भरलंय.

"दादा, तू कधी गेला होतास तिच्याकडे?"

"परवा."

इथं खुलासा हवा. हैदराबादी माणसाच्या 'परसों'मध्ये काल सोडून मागचा कुठलाही दिवस बसतो. गेला आठवडा बसतो, निजामाचा अंमलही बसतो! आम्ही इथले मराठी लोक 'परवा' तसाच ऐसपैस वापरतो. वसंता वीस वर्षं मुंबईत. त्याला वाटलं, परवा म्हणजे मंगळवार.

"बरं झालं," तो म्हणाला. "निदान तू तरी जातोस."

मी खिडकीबाहेर बघू लागलो. (जहीराबादपर्यंत बघत होतो.)

बिदर मागं पडलं आणि एका फाट्यावर महेबूबभाईंनी गाडी हळू केली. "साब, औराद दो हैं बोलके सुना मैं. किसीको पूछ लेतूँ?"

मंगळवारी येऊन गेलेला माणूस रस्ता विचारील कसा? समोर कन्नड पाटी होती. मला कन्नड येत नाही. पण तेलुगू येतं आणि अक्षरं चुलतभावंडंच. मी मोठ्यानं वाचलं, "औ-रा-द. लिहिलंय की. चला."

"एक मिनट लगता, साब. पूछ लेतूँ."

"नक्को. परवाच आलोय मी या रस्त्यानं."

पाटी मी अगदी बरोबर वाचली होती. औराद चुकीचं होतं.

शालूचे यजमान शाळामास्तर. गावात शिरताच मी पानवाल्याला विचारलं, "पाटील मास्तरांचं घर?"

"कुठले पाटील? शाळेत मास्तर कमी, पाटील जास्त."

पहिले पाटील मास्तर आंघोळीला बसले होते. दुसरे स्वतःच दार उघडून म्हणाले, "मी अजून मुलगीच बघतोय. बायको शालू कुठली?" तिसऱ्या घरच्या बाई भल्या होत्या. त्यांनी बसवलं, चहा टाकला आणि कप हातात देताना सहज म्हणाल्या, "तुमचे पाव्हणे शहाजनी औरादचे असतील. ते पुढं महाराष्ट्रात. हे आमचं कर्नाटकातलं."

वसंतानं कपाला हात लावला नाही.

"दादा, परवा तू कुठल्या घरी गेला होतास?"

"ड्रायव्हरनं घोळ केला," मी म्हणालो. मुद्दाम मोठ्यानं आणि मराठीत. दारात उभ्या महेबूबभाईंना मराठी चांगलं समजत होतं.

शालूच्या दारात पोचलो तेव्हा पाच वाजले होते. ओसरीवर माणसं जमली होती. शालू उंबऱ्यावर आली. "साडेतीनला गेली," एवढंच म्हणाली.

वसंता पायरीवर बसला. डबा मांडीवरच.

कुणी काही विचारायच्या आत मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं, की टॅक्सीवाल्यानं भलत्याच औरादला नेलं. सगळ्यांच्या माना महेबूबभाईंकडे वळल्या. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि शालूपुढं हात जोडले. "हौ, बहन. गलती मेरीच है."

ते निघताना मी त्यांना गाठलं. भाडं पुढं केलं. तेच हळू म्हणाले, "मय्यत के घर में क्या झगडना, साब."

तेराव्याला शालू भांडी आवरत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिवशी आई सकाळपासून विचारत होती, दादा कधी येतो म्हणाला? मी सांगितलं, आजच, वसंताला घेऊन. तर हसली. म्हणाली, आज, का त्याचं ते परवा?"

तर वसंता, तुझ्यासमोरच महेबूबभाईंनी विचारू का म्हणून दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा मी नको म्हणालो. हे तू वाचशील आणि विचारशील, "दादा, हे खरं सांगायचं तू ठरवलंस तरी कधी?"

परवाच.