फौजेला दिलेली लेक

माझं लग्न झालेलं नाही, पण ओटी भरलेली आहे. आमच्या जवळा बाजार गावाकडं हे कुणाला सांगितलं तर हसतील. नर्सिंगसाठी मी फौजेत निघाले तेव्हा गावाला तोंड फुटलं होतं: वयात आलेली पोरगी परक्या बाप्यांत राहणार! मेंढरांमागं हिंडून काळी पडलेली माझी आई कुणाशी भांडत बसली नाही. तिनं मला पाटावर बसवलं, ओटीत गहू-नारळ घातला आणि दारातल्या बायांना म्हणाली, "फौजेला दिली मी हिला. बोला आता." बाया एकेक करून पांगल्या. मला आईचा केवढा अभिमान वाटला होता.

पुढं मी वर चढत गेले. फुकट नाही चढले. खांद्यावर अधिकाऱ्याचे तारे असले तरी नवे डॉक्टर "ए सिस्टर" अशीच हाक मारायचे, आणि मी त्यांचा असा पाणउतारा करायची की पुन्हा तोंड उघडत नसत. बदल्यांच्या धबडग्यात लग्न राहून गेलं. दोन हजार सालानंतर एका मोठ्या लष्करी हॉस्पिटलात मी नर्सिंगची मुख्य झाले.

त्याच वर्षी सुट्टीवर घरी आले तर आई एका बाजूला आखडून बसलेली. छातीत गाठ होती, आणि तिनं ती झाकून ठेवली होती.

"मला काहून सांगितलं न्हाई?" मी ओरडलेच.

"तुला उगं तकलीफ."

मी तिला बरोबर घेऊनच निघाले. अधिकाऱ्याच्या आईवर तिथं सगळे उपचार होतात. वेळ गेली नव्हती, ती वाचणार होती.

भरती केल्याच्या दुसऱ्या सकाळी मी तिच्या वॉर्डात फेरीला गेले. नर्सेस ताडकन उभ्या राहिल्या, एका वॉर्डबॉयनं धावत येऊन दार धरलं. आई पलंगावरून बघत होती. सुखावली असेल, असं वाटलं मला. दुपारी पाहते तर तिचं ताट तसंच होतं, पाण्याचा पेलाही.

"लेकीच्या घरचं कसं खाऊ?"

आमच्याकडं लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरी पाणीसुद्धा घेत नाहीत. मी म्हणाले, अगं, हा सरकारी दवाखाना आहे.

"म्या पाह्यलं न सकाळी. सगळे तुलाच इचारून राहिले. तुहंच हाय हे." मग हळूच म्हणाली, "तू साधी नर्स असतीस तर खाल्लं असतं, माय."

मी समजावलं, रडले, नको ते बोलले. ती घरून आणलेल्या भाकरीचे तुकडे चघळत, गावाहून आणलेल्या कॅनमधलं पाणी घोट घोट पुरवत राहिली. सलाइनची सुई उपसून टाकली. अशा बाईचं ऑपरेशन कोण करणार? पन्नाशीकडं झुकलेल्या मला ती म्हणाली, "एखादं लेकरू असतं तर गोष्ट येगळी व्हती." त्या शब्दांचा राग आजही गेलेला नाही.

शेवटी तिला गावी आणलं. धाकट्या भावाच्या घरात ती माझ्या हातून निमूट पेज प्यायची, कारण ते घर तिचं. दुखणं वाढत होतं. आणि मला सुचलं: जिथं माझं काहीच चालत नाही, अशा दुसऱ्या लष्करी हॉस्पिटलात तिला न्यायचं! तिनं विचारलं, "तिथं तुहा हुकूम न्हाई न?" नाही, म्हणाले. ती लगेच तयार झाली. मी फोनवरून पलंग ठरवला, गाडी सांगितली, तिनं स्वतःच्या हातानं लुगड्यांचं गाठोडं बांधलं.

निघायच्या दिवशी भाऊ चौकातून ओरडतच आला. टेलिफोनच्या दुकानात माझ्यासाठी निरोप होता: मला बढती मिळाली होती. पोरं गोळा झाली, कुणीतरी साखर वाटली.

"आई, आता या भागातले सगळेच फौजी दवाखाने आपल्या ताईच्या हाताखाली!" भाऊ आनंदानं म्हणाला. त्या बिचाऱ्याला काय माहीत.

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी खोटं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती जवळ आली. तिनं माझ्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. डोळ्यांत तिच्या नुसतं कौतुक होतं. मग ती खाली बसली आणि गाठोड्याची गाठ सोडू लागली.