ऑगस्टमधला धूर
धूप पेटवला की आखातातल्या अल नहदामधली ती संध्याकाळ आठवते. बाहेर ऑगस्टचा उकाडा, घरात एसीची घरघर, आणि अचानक शेजारच्या दाराखालून येणारा धूर. टॉवरला लागलेल्या आगींचे व्हिडिओ फोनवर पाहिलेले होते, तेच डोळ्यांसमोर आले. "ममा, इज इट फायर?" मुलीने विचारलं. तिला कडेवर घेऊन मी शेजारचं दार बडवलं. शेजारीण बोलिव्हियाची, हॉटेलात कामाला, ओळख लिफ्टपुरतीच. तिने दार किलकिलं केलं आणि मला पाहून बाजूला सरली. आत फरशीवर मातीची कुंडी होती, तिच्यात खळगा करून मक्याचे दाणे, साखर आणि लोकरीचा पुंजका ठेवलेला, शेजारी तव्यावर कसलासा पाला धुमसत होता. "आमच्या डोंगरात म्हणतात, या महिन्यात धरणीमायला भूक लागते," ती कुजबुजली. "तिला जेवू घालावंच लागतं. प्लीज, कुणाला सांगू नकोस. इथे जादूटोणा गुन्हा आहे, मला पकडतील." तेवढ्यात वॉचमन जिना चढून धापा टाकत आला. "मॅडम, धुआँ किधर से?" "हमारा पूजा है, भैया. धूप जलाया," मी म्हणाले. त्याने हवा हुंगली, आम्हा दोघींकडे बराच वेळ पाहिलं. "खलास करो जल्दी," म्हणाला आणि गेला. शेजारीण केव्हाच मायदेशी परतली. मी मात्र दर ऑगस्टला तुळशीच्या कुंडीत चिमूटभर साखर पुरते, आणि त्याआधी दाराची कडी लागली आहे ना, ते पाहून येते.